आमच्या गोठ्यावरचा कापूस यंदा काढून टाकला

केळीचं_बन · ९ डिसेंबर, रात्री १०:२०

आमच्या वसईच्या आळीत दरवर्षी नाताळचा गोठा करतात (बाळ येशूचा, गुरांचा नव्हे). माती, पेंढा, कामट्या, शेजारच्या वाडीतली केळीची सोपटं, सगळं घरचं. विकत आणायचा तो एकच पदार्थ, कापूस. छपरावर, कुंपणावर, मेंढरांच्या पाठीवर. बर्फ म्हणून.

परवा माझ्या धाकटीनं विचारलं, “आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?” मी म्हटलं, बेथलेहेमात पडत असेल. ती म्हणाली, “तुम्ही वाचलंय का तसं?” वाचलं नव्हतं. रात्री बायबलातली लूक आणि मत्तय ही दोन्ही शुभवर्तमानं काढून बसलो. मेंढपाळ रानात राहून रात्रीची राखण करत होते एवढं आहे. बर्फाचा एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीत पाणी सोडायला गेलो. गोठ्यावरून जाताना बॅटरी मारली, तर रात्रभर दव पडून कापूस चिंब झालेला आणि जुनी गादी उसवल्यासारखा लोंबत होता. सगळा ओरबाडून काढला. आता आळीतले दोन गट झालेत. एक म्हणतो, कापसाशिवाय गोठा उघडा-बोडका दिसतो. दुसऱ्याला कशाचंच काही वाटत नाही.

मला खरंच विचारायचं आहे. युरोपातल्या माणसाला नाताळचा अर्थ त्याच्या हवेतून आपोआप कळत असणार. बाहेर काळोख, गारठा, झाडं निष्पर्ण, आणि अशात एक दिवा. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे वर्षातला सगळ्यात सुखाचा महिना. भात घरात आलेलं, वालाच्या शेंगा, आंब्याला मोहोर. आमच्या थंडीत ख्रिस्ती माणसानं काय वाचायचं? की आमच्या हवेत वाचण्यासारखं काही नाहीच?

शंकासुर · ९ डिसेंबर, रात्री ११:०५

मूळ प्रश्नच चुकतोय. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाही. रोममध्ये हा सण पाळल्याची नोंद चौथ्या शतकातली, ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथात आहे. त्याआधी २७४ साली सम्राट ऑरेलियननं अजिंक्य सूर्याची पूजा राजमान्य केली होती. हिवाळ्याचा अर्थ नंतर चिकटवलेला आहे. कापूसही नंतरच चिकटवलाय, तुम्ही काढलात ते बरं केलंत.

नगरची_लेक · १० डिसेंबर, सकाळी ७:४०

शंकासुर, तारखेचा दुसराही हिशोब आहे. जुन्या काळी काही जण येशूची गर्भधारणा आणि मरण दोन्ही २५ मार्चला धरत. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर. कोणता हिशोब आधीचा यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. तेव्हा “चिकटवलेला” हा शब्द जरा जपून.

मला बोलायचंय ते केळीच्या बनाशी. दादा, तुमचा चिंब कापूस वाचून मी चहा तसाच ठेवला. अहो, ही तर गिदोनाची लोकर! बायबलातलं शास्ते हे पुस्तक, सहावा अध्याय. गिदोन खळ्यात लोकर ठेवतो आणि देवाला म्हणतो, दहिवर, म्हणजे दव, नुसतं लोकरीवर पडू दे, भुई कोरडी राहू दे. सकाळी तो लोकर पिळतो तर वाटीभर पाणी निघतं. दुसऱ्या रात्री उलटं मागतो, लोकर कोरडी आणि भुई ओली. जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांनी ही लोकर म्हणजे मरिया असं वाचलंय: आवाज न करता, कुणाला न कळता दव उतरलं, तसा तो आला.

आमचे आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. नगरकडच्या खेड्यांत डिसेंबरात फिरायचे, तेव्हा ज्वारी पोटऱ्यात आलेली असायची. रात्री टाळ-मृदंगावर नारायण वामन टिळकांची भजनं व्हायची, चाल लावून म्हणायचे. परत येताना घोंगडी दवानं जड झालेली असे. आजी ती वाळत टाकताना “स्वर्गातून आलंय, झटकू नका” असं थट्टेनं म्हणायची. आम्हाला ती थट्टाच वाटे.

जुन्या मराठी बायबलात ‘दहिवर’ हा शब्द आहे बघा. १३३ व्या स्तोत्रात हर्मोनाचं दहिवर सियोनेच्या डोंगरावर उतरतं. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव स्वतःच म्हणतो की मी इस्राएलाला दहिवरासारखा होईन. घरात आता कुणी दहिवर म्हणत नाही, सगळे ‘दव’ नाहीतर ‘धुकं’ म्हणतात. दोन्ही एकच नव्हेत, पण ते असो.

केळीचं_बन · १० डिसेंबर, दुपारी १:१५

बाई, तुम्ही मला कामाला लावलंत. दुपारी जेवण झाल्यावर फादरांना फोन केला. ते म्हणाले, आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या सुमारे चार आठवड्यांचं, एक जुनं लॅटिन गाणं यशयाच्या ४५ व्या अध्यायातल्या आठव्या ओवीवरच आहे: आकाशांनो, वरून दव पाझरवा. मी मराठी बायबल उघडलं तर तिथे ‘वर्षाव’ आहे. फादर म्हणाले, मूळ हिब्रूत ‘पाझरवा, ठिबकवा’ असा भाव आहे, लॅटिननं त्याचं दव केलं. पोलंड-जर्मनीकडे या दिवसांत पहाटेच्या अंधारात नुसत्या मेणबत्त्यांवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना होते, तिचं नावच त्या दव-शब्दावरून पडलंय.

म्हणजे बर्फाच्या देशातले लोक अंधारात बसून दव मागतात, आणि आम्ही दवात उभे राहून कापूस पसरतो.

शंकासुर · १० डिसेंबर, दुपारी १:५०

मजा खराब करायला आलोय. पॅलेस्टाइनात हिवाळा हाच पावसाळा. बेथलेहेम साडेसातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. गारठा, पाऊस, आणि कधीमधी बर्फसुद्धा. दवाची किंमत तिथे उन्हाळ्यात, जेव्हा महिनोन्‌महिने पाऊस नसतो. ज्यू लोक वल्हांडणापासून, म्हणजे मार्च-एप्रिलपासून दवासाठी प्रार्थना करतात. तेव्हा दव हे बायबलातलं उन्हाळी रूपक आहे, नाताळचं नव्हे.

केळीचं_बन · १० डिसेंबर, दुपारी २:०५

कबूल. तिकडे पाऊस गेल्यावर दव. आमच्याकडेही पाऊस गेल्यावरच दव. फक्त आमचा पाऊस जून ते सप्टेंबर आणि दव डिसेंबरात. म्हणजे दवाच्या बाबतीत आमचा नाताळ युरोपापेक्षा होशेयाला जवळचा निघाला की हो!

अर्धी_रात्र · १० डिसेंबर, संध्याकाळी ७:३० (स्टॉकहोमहून)

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची मिरजेची, स्वीडनमध्ये नऊ वर्षं. हिवाळ्यातून अर्थ “आपोआप कळतो” असं केळीच्या बनाला वाटतं, त्यावर दोन शब्द.

इथे सध्या सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनला मावळतो. तोही क्षितिजाला धरून सरपटत जातो, डोक्यावर येतच नाही. पहिल्या वर्षी डिसेंबरात मी दुपारी चारला झोपायचे आणि रात्री जेवायला उठायचे. त्यात अध्यात्मिक काही नव्हतं, मला रडू यायचं. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व दिलं.

मग एका संध्याकाळी बसमधून बघितलं. प्रत्येक खिडकीत सात दिव्यांची त्रिकोणी दिवली. एकही खिडकी सुटलेली नाही. ही विजेची दिवली १९३० च्या दशकात गोटेनबर्गमध्ये फिलिप्सच्या एका कर्मचाऱ्यानं बनवली म्हणतात, झाडावरच्या जुन्या दिव्यांतून. आता चर्चला कधीही न जाणाऱ्यांच्या घरीसुद्धा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ती खिडकीत येते. खिडकीत, म्हणजे तोंड बाहेर करून. मला ते तेव्हा समजलं. दिवा घरातल्यांसाठी नाहीच, घरातल्यांना ट्यूबलाइट आहे. तो रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी. त्या दिवशी तो रस्त्यावरचा माणूस मी होते.

१३ डिसेंबरला इथे संत लुसियाचा दिवस. पांढरा झगा घातलेली मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून मिरवणुकीच्या पुढे चालते. जुन्या पंचांगात वर्षातली सर्वांत मोठी रात्र याच सुमारास येई, लोक अजून त्याच रात्रीला धरून आहेत.

पण एक खरं सांगते. अंधार खूप असला की दिव्याचा अर्थ सोपा होतो, इतका सोपा की लोक तिथेच थांबतात. दिवा छान, कॉफी छान, केशराचा पाव छान. कुणासाठी लावला ते विसरतात. तुमच्याकडे अर्थ शोधावा लागतो, हे मला तुमचं नुकसान वाटत नाही.

मेलबर्नची_माई · ११ डिसेंबर, पहाटे ४:३०

तुमचं बर्फ आणि दव चाललंय. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात! सूर्य मावळायला रात्रीचे पावणेनऊ. पस्तीस-चाळीस अंशांत लोक कोळंबी खातात आणि सांताक्लॉजच्या टोपीत घाम पुसतात. १९३८ पासून इथे नाताळच्या आदल्या दिवसांत बागेत मेणबत्त्या लावून गाणी म्हणतात. सुरुवातीची दोन-चार गाणी होईपर्यंत मेणबत्त्यांचा उजेड दिसतच नाही, इतकं ऊन.

सुनेला मी विचारलं, यात अंधारातला प्रकाश कुठे गं? ती म्हणाली, “आई, अंधार काय फक्त रात्रीच असतो?” ती नर्स आहे, रात्रपाळी करते. मी गप्प बसले.

सांजांव · ११ डिसेंबर, सकाळी १०:१०

माई, तुमच्या उलट्या पंचांगाला आमच्या गोव्यात उत्तर आहे, आणि ते भर पावसात सापडतं.

२४ जून, सांजांव, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालायचं आणि तुडुंब विहिरीत उड्या मारायच्या. कारण लूकमध्ये आहे: मरिया घरी आली तेव्हा अलीशिबेच्या, म्हणजे योहानाच्या आईच्या, पोटातल्या बाळानं उडी मारली. देवदूत मरियेला सांगतो की अलीशिबेला हा सहावा महिना आहे. म्हणून योहानाचा सण नाताळच्या साधारण सहा महिने आधी.

गंमत अशी की जूनच्या त्या दिवसांपासून दिवस लहान होऊ लागतो, आणि नाताळच्या सुमारास मोठा. संत ऑगस्टीननं यावर प्रवचनच केलंय. योहान म्हणतो ना, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा? ते आकाशात लिहिलंय म्हणे. योहानाच्या वाढदिवसापासून दिवस घटत जायचा, येशूच्या वाढदिवसापासून वाढत जायचा.

ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतला, समुद्रकिनाऱ्यावरच्या गावचा बिशप. बर्फ त्याच्याही अंगणात नव्हता. (माईंच्या मेलबर्नला मात्र सगळं उलटं लागू होतं, त्याला माझा इलाज नाही.)

घड्याळजी · ११ डिसेंबर, रात्री ९:००

मी ख्रिस्ती नाही, निवृत्त भूगोल शिक्षक आहे. सांजांव यांचं ढोबळमानानं बरोबर, पण मुंबई-वसईपुरती दुरुस्ती करतो, कारण ती तुमच्या बाजूनं जाणारी आहे.

आपल्याकडे सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, सुमारे अकरा तासांचा. पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो त्या दिवशी नव्हे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या सुमारास. त्यानंतर संध्याकाळ लांबायला लागते. नाताळपर्यंत सूर्यास्त सात-आठ मिनिटांनी पुढे गेलेला असतो. उलट सकाळ जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत राहते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार जुळत नाहीत, त्याचा हा परिणाम.

तुमचा आगमनकाळ सुरू होतो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यानच्या रविवारी. म्हणजे तुम्ही पहिली मेणबत्ती लावता साधारण त्याच आठवड्यात कोकणातली संध्याकाळ वळलेली असते. दिवस अजून आखडतोय, पण संध्याकाळ वाढायला लागलीय. स्टॉकहोममध्ये हे वळण डिसेंबरच्या मध्यावर येतं. अर्थ तुमचा तुम्ही काढा.

आणि दवाबद्दल. दव पडायला आकाश निरभ्र लागतं आणि वारा पडलेला. जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते, पानं हवेपेक्षा गार होतात आणि त्यांच्यावर बाष्प जमतं. ढग असले तर ते पांघरुणासारखी ती उष्णता अडवतात, दव पडत नाही. म्हणजे ज्या रात्री तारे स्वच्छ दिसतात, त्याच रात्री दव.

नगरची_लेक · ११ डिसेंबर, रात्री ९:२०

गुरुजी, शेवटचं वाक्य पुन्हा वाचतेय. तारा दिसायचा तर पांघरूण नको. मागी लोकांना, म्हणजे ताऱ्यामागून बाळ येशूकडे आलेल्या ज्ञानी लोकांना, तारा दिसला त्या रात्रीही उघड्यावरच्यांना थंडी वाजलीच असणार.

केळीचं_बन · ११ डिसेंबर, रात्री १०:३०

सगळे दवाच्या प्रेमात पडलात म्हणून शेतकऱ्याची बाजू मांडतो. दमट पहाट आली की मोहोरावर भुरीची बुरशी. वालावरही. परवा शेजारी आंब्याखाली उभा राहून आभाळाकडे बघत शिव्या देत होता आणि मी मनात “आकाशांनो, दव पाझरवा” म्हणत होतो. त्याला सांगितलं असतं तर फवारणीचा पंप माझ्याच अंगावर सोडला असता. देवाचं येणं गोड-गोड असतं असं मरियेलाही वाटलं नसणार. कुंवार पोर, पोटात बाळ, गावात कुजबुज.

आता दिव्यांचं बोला. आमच्याकडे तोच दुसरा वाद आहे. आळीत यंदा रंग बदलणाऱ्या माळा, एवढ्या की देवळासमोरचा, म्हणजे चर्चसमोरचा, मोठा तारा दिसेनासा झालाय.

शंकासुर · ११ डिसेंबर, रात्री ११:१०

दिव्यांच्या माळांत ख्रिस्ती अर्थ शोधणाऱ्यांसाठी: विजेचे दिवे लावलेलं पहिलं नाताळचं झाड १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सननं उभं केलं. एडिसनच्या कंपनीचा उपाध्यक्ष. ऐंशी दिवे, लाल-पांढरे-निळे, झाड गोल फिरणारं. ती जाहिरात होती.

अर्धी_रात्र · १२ डिसेंबर, दुपारी १२:४५

असेल. पण अॅडव्हेंटचं, म्हणजे आगमनकाळाचं चक्र आठवा. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विचर्न नावाचा पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होता. “नाताळ कधी?” असं पोरं रोज विचारून जीव खायची. त्यानं एका जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या, इतर दिवसांच्या छोट्या. रोज एक पेटवायची. आज चर्चमध्ये चारच उरल्यात, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी.

म्हणजे तो दिवा आधी मोजण्यासाठी होता, सजावटीसाठी नव्हे. एकदम सगळं पेटवलं तर मोजणार काय? माझी तक्रार रंगांची नाही. सगळ्या माळा पहिल्याच दिवशी पूर्ण जळतात याची आहे.

माजी_सुभेदार · १२ डिसेंबर, रात्री ८:१५

लेहला दोन हिवाळे काढले. तिथे मोरेव्हियन मिशनचं चर्च आहे, १८८५ पासूनचं. बर्फ बघायचाय त्यांनी जरूर जावं. नळ फुटतात, डिझेल गोठतं, बोटं काळी पडतात. तिथल्या माणसाला कापसाचा बर्फ दाखवला तर हसेल. नाताळला चहा आणि बुखारी, म्हणजे शेगडी, मिळाली की पुरे वाटायचं. आमच्यात ख्रिस्ती एकच होता, नागालँडचा. त्यानं मेसच्या डब्यात मेणबत्ती लावली. वारा एवढा, की आम्ही सहा जण आळीपाळीनं हात आडवे धरून बसलो.

कंदीलगल्ली · १३ डिसेंबर, सकाळी ११:००

माहीमची मुलगी, दिवाळीत आकाशकंदील बनवून विकते. दिवाळी संपली की त्याच कामट्यांचे पंचकोनी तारे करतो आम्ही. गिऱ्हाईक बदलतं, खळ तीच, मैद्याची. एकदा एका काकांनी विचारलं, “हा कंदील आहे की तारा?” मी म्हटलं, “लावून बघा, मग सांगा.” त्यांनी दोन घेतले. एवढंच. धाग्यात बसतं का माहीत नाही.

केळीचं_बन · १३ डिसेंबर, दुपारी २:३०

बसतं. सगळ्यांना कळवतो: आळीची बैठक झाली. कापूस रद्द. माळांचं असं ठरलं की रोज एक घर वाढवायचं, २४ तारखेच्या रात्री सगळी आळी उजळेल. तीन घरांनी ऐकलेलं नाही. ठीक आहे, विचर्नच्या पोरांतही दोन-चार वांड असतीलच. गोठ्याच्या छपरावर काहीच पसरायचं नाही. जे पडेल ते पडेल.

आणि देवळापुढचा तारा आम्ही यंदा विकत नाही आणला. कामट्या, पतंगाचा कागद, घरचाच.

केळीचं_बन · १८ डिसेंबर, पहाटे ५:५०

हसा लेको. आकाश लख्ख, वारा पडलेला, घड्याळजींच्या सांगण्याप्रमाणे तारे झकास. दव पडलं आणि आमचा तारा पडला. खळ सुटली, कागद लिबलिबीत होऊन खालच्या दोन टोकांना चिकटून बसलाय. आत बल्ब मात्र चालू.

शंकासुर · १८ डिसेंबर, सकाळी ८:०५

रूपक अंगाशी आलं म्हणायचं.

कंदीलगल्ली · १८ डिसेंबर, सकाळी ९:३०

काका, पतंगाचा कागद डिसेंबरात बाहेर टिकत नाही. खळीत चिमूटभर मोरचूद टाकता ना? ते किड्यांसाठी, पाण्यासाठी नाही (आणि पोरांना हात लावू देऊ नका, विषारी असतं). थोडा जाड पांढरा कागद घ्या. चिकटवून पूर्ण वाळला की त्यावर मेणबत्तीचं थोटूक सगळीकडून घासा, उलट्या बाजूनंही. कडा सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं. मग लांबून हेअर ड्रायर फिरवा, मेण कागदात जिरतं.

केळीचं_बन · १९ डिसेंबर, रात्री ९:४०

केलं. घरात थोटूक एकच सापडलं, आगमनचक्रातलं गुलाबी. दिवा लावल्यावर कागदावर बारीक गुलाबी रेघा दिसतात, पोरांनी जिथे जोर लावला तिथे जास्त. मी पुसायला निघालो होतो, धाकटीनं शिडी धरून ठेवली आणि वर चढूच दिलं नाही.